अंकीय ध्वनिजोडणी : खानदेशातील ध्वनिवहनाच्या संदर्भात

अंकीय ध्वनिजोडणी : संख्यांच्या रूपात साठविलेला ध्वनी त्याच्या संचयस्थानापासून परिवर्तकापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेस अंकीय ध्वनिजोडणी म्हणतात. संचयस्थान म्हणजे बहुधा संगीत साठविण्यासाठी राखून ठेवलेला संगणक होय. व्यवहारात त्याला सर्व्हर म्हणतात. परिवर्तक हे संख्यांपासून पुन्हा विद्युत् तरंग निर्माण करणारे उपकरण असून ते ‘डॅक’ या लघुनावाने ओळखले जाते. परिवर्तकातून निघालेला तरंग विवर्धकामार्गे ध्वनिक्षेपकाकडे जातो व तेथे त्याचा श्राव्य ध्वनी होतो. या जोडणीतून दोन गोष्टी जातात किंवा जाव्या लागतात : एक संख्या आणि दुसरी वेळ. प्रत्येक संख्या अचूक असली पाहिजे आणि ती नेमक्या क्षणी तरंगात रूपांतरित झाली पाहिजे. अंकीय जोडणीचा गेल्या चार दशकांचा इतिहास हा मुख्यतः ही दुसरी गोष्ट, म्हणजे वेळ, कोणी राखावी या प्रश्नाचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचा प्रदेश खानदेश म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश अमदानीतील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचे पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे हे जिल्हे बनले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. अहिराणी, लेवा, भिल्ली, पावरी इ. बोली बोलणाऱ्या या प्रदेशाचे वाङ्‌मय मोठ्या प्रमाणावर मौखिक आहे. आखाजीला म्हणण्यात येणारी गौराईची गीते, श्रावणातील कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि वहीगायन ही त्याची ठळक उदाहरणे होत. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची रचना हे त्यातील सर्वांत परिचित उदाहरण. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरातील माणसांनी उतरून घेतली म्हणून टिकली व १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. लेखणीने शब्द वाचविले. तथापि चाल, लय, श्वासाची जागा आणि बोलीतील स्वरांचे नेमके वजन लेखणीत उतरत नाही. मौखिक परंपरेच्या प्रदेशात ध्वनिमुद्रण व ध्वनिवहन यांना जे महत्त्व आहे, ते या कारणाने.

नकलेच्या शुद्धतेचा प्रश्न मात्र ध्वनिमुद्रणापेक्षा पुष्कळ जुना आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी जमविलेली कागदपत्रे व हस्तलिखिते यांच्या अभ्यासात पाठभेदाचा प्रश्न नेहमीच उभा राहतो. पोथीची नक्कल करताना लेखक एखादे अक्षर चुकतो, पुढील लेखक ती चूक तशीच उतरवितो व स्वतःची एक भर घालतो. कालांतराने मूळ पाठ कोणता हे ठरविणे कठीण होते. सदृश पद्धतीच्या ध्वनिमुद्रणात नेमके हेच घडते. अंकीय पद्धतीने या जुन्या प्रश्नाला प्रथमच निर्णायक उत्तर दिले.

सदृश ध्वनिवहन : भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्ता येथे प्रारंभ झाला. मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर साधारणतः तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले; जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ मध्ये. या केंद्रामुळे खानदेशातील बोली व लोकगीते यांना आपल्या परिसरातच ध्वनिमुद्रणाची व प्रक्षेपणाची सोय मिळाली.

त्या काळी ध्वनी एका केंद्राहून दुसऱ्या केंद्राकडे नेण्याचे मुख्य मार्ग दोन होते. पहिला मार्ग चुंबकीय फितीचा. मुंबईत तयार झालेल्या विविध भारतीच्या कार्यक्रमांच्या फिती निरनिराळ्या केंद्रांकडे पाठविण्यात येत. दुसरा मार्ग तारेचा. सामान्य दूरध्वनी वाहिनीतून सु. ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंप्रतांचे वहन होते. बोललेले समजण्यास ते पुरते. तंबोऱ्याची झार किंवा टाळांचा नाद त्यात उरत नाही. संगीतासाठी खास वाहिन्या वापरल्या, तरी मुंबई–जळगाव या सु. ४२० किमी. अंतरात संकेत क्षीण होत जातो व ठिकठिकाणी त्याचे विवर्धन करावे लागते. विवर्धक संकेताबरोबर गोंगाटही वाढवितो, कारण दोहोंत भेद करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. फितीच्या प्रत्येक नकलेतही खरखर वाढते आणि उच्च कंप्रता मंद होतात. सदृश जोडणीत तारेचा दर्जा, तिची लांबी, सांध्यांवरील गंज, शेजारची विद्युत् वाहिनी या सर्वांचा परिणाम थेट ध्वनीवर होतो. उत्तम तार म्हणजे उत्तम ध्वनी ही श्रोत्यांची समजूत या काळात बनली व त्या काळापुरती ती बरीचशी बरोबर होती. इन्सॅट-१ बी हा उपग्रह १९८३ मध्ये कक्षेत गेल्यानंतर आकाशवाणीच्या केंद्रांना उपग्रहामार्गे कार्यक्रम मिळू लागले आणि लांब तारांवरील अवलंबन कमी होत गेले.

अंकीय पद्धतीचा उदय : तरंगाची उंची ठराविक कालांतराने मोजून ती मापे संख्यारूपाने पाठविण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्‌झ या ब्रिटिश अभियंत्यांनी १९३७ मध्ये मांडली. तिला स्पंद-संकेत विरूपण म्हणतात. एखाद्या तरंगातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदास मापे घेतल्यास त्या मापांवरून मूळ तरंग पूर्णपणे उभा करता येतो, हा सिद्धांत हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून दृढ झाला. द्विमान पद्धतीत प्रत्येक माप ० व १ या दोनच अंकांनी लिहिले जाते. वाटेत संकेत कितीही मळला, तरी ० कोणता व १ कोणता एवढे ओळखता आले, म्हणजे पुढील टप्प्यावर तो पुन्हा स्वच्छ करून पाठविता येतो. बीबीसी या ब्रिटिश संस्थेने १९७२ पासून आपले नभोवाणी कार्यक्रम प्रक्षेपकांकडे या पद्धतीने नेण्यास प्रारंभ केला. लांब तारेने होणारी ध्वनीची झीज थांबविणे हाच त्यामागील हेतू होता.

घरगुती वापरात ही पद्धती १९८२ मध्ये फिलिप्स व सोनी या कंपन्यांच्या कॉम्पॅक्ट डिस्कमुळे आली. तीत प्रत्येक सेकंदास ४४,१०० मापे घेतली जातात व प्रत्येक माप १६ द्विमान अंकांनी लिहिले जाते. दोन वाहिन्या मिळून हा प्रवाह सेकंदास १४,११,२०० द्विमान अंकांचा होतो.

जोडणीचे प्रकार : तबकडी वाचणारा भाग व परिवर्तक वेगवेगळ्या पेट्यांत ठेवण्याची सोय हवी असल्याने जोडणीचे प्रमाण ठरविणे आवश्यक झाले. ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीने १९८५ मध्ये व्यावसायिक वापरासाठी एईएस ३ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात ११० ओहम संरोधाची संतुलित तारजोडी वापरतात. त्याचेच घरगुती रूप म्हणजे सोनी व फिलिप्स यांची एसपीडिफ ही जोडणी होय. तिच्यासाठी ७५ ओहम संरोधाची समाक्ष तार लागते. दूरचित्रवाणीच्या आकाशकासाठी वापरण्यात येणारी तार साधारणतः याच संरोधाची असते. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या टॉसलिंक प्रकारात हाच संकेत प्लॅस्टिकच्या तंतूतून तांबड्या प्रकाशाने पाठविला जातो.

या तिन्ही प्रकारांचे एक समान वैशिष्ट्य असे, की संख्या आणि वेळ एकाच संकेतात गुंफलेल्या असतात. संकेताची पातळी ज्या क्षणी बदलते, त्या क्षणांवरून परिवर्तकाला घड्याळ जुळवून घ्यावे लागते. पाठविणारा हा ताल धरणारा व परिवर्तक हा त्यामागून चालणारा असतो.

वेळेचा प्रश्न : संख्या अचूक पोहोचूनही ती चुकीच्या क्षणी वापरली गेली, तर तयार होणारा तरंग मुळाहून वेगळा होतो. अशा सूक्ष्म मागेपुढे होण्यास कालकंप म्हणता येईल. अभियंते त्याला जिटर म्हणतात. त्याची मर्यादा गणिताने काढता येते. १६ अंकी पद्धतीत २० किलोहर्ट्‌झच्या पूर्ण उंचीच्या तरंगातील चूक सर्वांत लहान पायरीच्या निम्म्याहून कमी राहावयाची असेल, तर कालकंप सु. १२१ पिकोसेकंदांच्या आत हवा. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाइतका काळ. प्रत्यक्ष संगीतात इतक्या उच्च कंप्रतेचे इतके मोठे तरंग क्वचितच येतात, त्यामुळे कानाची सहनशीलता यापेक्षा पुष्कळ अधिक असते. तथापि अभियंत्यांना दिशा मिळण्यास ही मर्यादा उपयोगी पडली.

कालकंप वाढण्याची कारणे निरनिराळी असतात. तारेचा संरोध जुळत नसल्यास संकेत टोकाकडून परावर्तित होतो व पातळी बदलण्याचा क्षण अस्पष्ट होतो. स्वस्त प्रकाशीय ग्राहकात प्रकाशाचा चढ-उतार मंद असल्याने हाच परिणाम होतो. अंकीय तार बदलल्याने कधीकधी जो फरक पडतो, तो या मार्गाने पडतो. संख्या बदलल्याने नव्हे. परिवर्तकाने आलेल्या संख्या क्षणभर साठवून स्वतःच्या स्थिर घड्याळाने पुन्हा सोडल्या, तर हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. मात्र दोन घड्याळे कधीही तंतोतंत सारखी चालत नाहीत. त्यांच्यात दशलक्षात ५० भागांचा फरक असला, तर सेकंदास सु. दोन मापे जास्त किंवा कमी होतात. साठा भरून वाहतो किंवा रिकामा होतो आणि ध्वनीत टिचक्या ऐकू येतात. म्हणून एका जोडणीत एकच घड्याळ मुख्य असावे लागते.

संगणकाधिष्ठित जोडण्या : हा पेच संगणकीय जोडण्यांनी सोडविला. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबी या जोडणीत ध्वनीच्या वहनाचे नियम १९९८ मध्ये ठरले. आरंभीच्या उपकरणांत बहुधा परिवर्तक संगणकाच्या गतीमागून चालत असे. २००० नंतरच्या दशकात असमकालिक पद्धत रूढ झाली. तीत परिवर्तकातील घड्याळ मुख्य असते व तो संगणकाला किती मापे पाठवावीत हे सांगतो. एसपीडिफमध्ये शक्य नसलेला हा उलट दिशेचा निरोप हे या पद्धतीचे मर्म होय. तबकडीहून पुष्कळ अधिक दराचे ध्वनिमुद्रण वाहून नेण्यास २००६ मधील सुधारित नियमांनी आणखी वाव मिळाला. यूएसबीचा दोष असा, की तारेतून संगणकाची वीजवाहक व भूसंपर्क तारही परिवर्तकापर्यंत येते आणि तिच्याबरोबर संगणकातील विद्युत् गोंगाट येऊ शकतो.

झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये उगम पावलेल्या ईथरनेट या जाळ्याचा उपयोग पुढे ध्वनीसाठी होऊ लागला. त्यात संख्या लहान पुडक्यांच्या रूपाने जातात. घरगुती वापरातील बहुतेक व्यवस्थांत हरवलेले पुडके पुन्हा मागविता येते व परिवर्तकाजवळील उपकरण त्या साठवून आपल्या घड्याळाने वापरते. दोन्ही टोकांस रोहित्रे असल्याने उपकरणांत थेट विद्युत् संबंध राहत नाही आणि एक तार १०० मी. पर्यंत चालते. ध्वनिमुद्रणगृहे व प्रक्षेपण केंद्रे यांतील जाळ्यांत निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालावीत यासाठी २०१३ मध्ये एईएस ६७ हे प्रमाण प्रसिद्ध झाले. बिनतारी जोडण्यांपैकी वाय-फाय हे याच जाळ्याचे बिनतारी रूप असून त्यातून संख्या जशाच्या तशा नेता येतात. ब्लूटूथमध्ये मात्र सामान्यतः ध्वनी आक्रसून पाठविला जातो व काही अंश गाळला जातो. सोयीसाठी ते ठीक, शुद्धतेसाठी नव्हे.

निवड : वरील विवेचनावरून जोडणीची निवड तारेच्या किंमतीवर अवलंबून नाही हे स्पष्ट होते. परिवर्तकाचे घड्याळ मुख्य असेल अशी जोडणी प्रथम पसंत करावी. संगणक व परिवर्तक एकाच मेजावर असल्यास असमकालिक यूएसबी पुरेसे होते. संगणक दुसऱ्या खोलीत किंवा माडीवर असल्यास ईथरनेट अधिक सोयीचे असते. जुन्या परिवर्तकास एसपीडिफच असेल, तर ७५ ओहमची साधी परंतु योग्य तार वापरावी.

खानदेशात आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ परिसराचे तापमान ४५° से. च्या आसपास जाते, काळी जमीन वाळून भेगाळते आणि जमिनीत पुरलेल्या भूसंपर्काचा रोध वाढतो. त्या खड्ड्यात पाणी घालण्याची रूढी याच कारणाने पडली आहे. भूसंपर्क सदोष असता दोन उपकरणांच्या भूतारांत विभवांतर निर्माण होते व ध्वनिक्षेपकातून ५० हर्ट्‌झची घुमघुम येते. पुष्कळदा ही घुमघुम तारेच्या दर्जाचा दोष समजून महाग तार आणली जाते. खरा उपाय भूसंपर्क सुधारणे किंवा प्रकाशीय तंतू, ईथरनेट यांसारखी विद्युत् संबंध तोडणारी जोडणी वापरणे हा होय.

ध्वनिसंग्रहण : घरी संगीत ऐकणे व जुन्या फितींचे अंकीय रूपांतर करणे या दोन क्रियांत एक मूलभूत भेद आहे. ऐकताना घड्याळ सदोष असले, तरी साठविलेल्या संख्यांना धक्का लागत नाही. उद्या अधिक चांगला परिवर्तक आणून तेच ध्वनिमुद्रण अधिक चांगले ऐकता येते. फितीवरील तरंगापासून संख्या तयार करताना मात्र चुकीच्या क्षणी घेतलेले माप कायमचे नोंदले जाते. पुढे कोणतीही जोडणी ते दुरुस्त करू शकत नाही. ही चूक सुधारण्याचा एकमेव मार्ग म्हणजे मूळ फीत पुन्हा वाजविणे. परंतु चुंबकीय फितीतील बंधकद्रव्य दमट हवेने व उष्णतेने बिघडते, तिच्यावरील लेप सुटू लागतो आणि ती वाजविणारी यंत्रे व त्यांचे सुटे भागही दुर्मिळ झाले आहेत. काही फिती एकदाच नीट वाजतात.

म्हणून ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत सेकंदास किमान ४८,००० व शक्यतो ९६,००० मापे आणि प्रत्येक माप २४ अंकी असावे असे सुचविले आहे. मूळ फीत वाजविणाऱ्या यंत्राचे शीर्ष स्वच्छ व सरळ असणे, फितीची गती बरोबर असणे आणि माप घेणाऱ्या उपकरणाचे घड्याळ स्थिर असणे या गोष्टी त्यात निर्णायक ठरतात. एकदा संख्या तयार झाल्या, की प्रत्येक फाइलची गणिताने काढलेली तपासणी-संख्या जपून ठेवतात. नकलेची तपासणी-संख्या मुळाशी जुळली, तर नक्कल अक्षरशः तीच आहे असे मानता येते. पाठभेदाचा जो निर्णय करण्यास पोथ्यांच्या अभ्यासकांना वर्षे लागतात, तो येथे काही सेकंदांत होतो.

महाराष्ट्रात या कामाचे एक मोठे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांनी पुणे येथून चालविलेल्या प्रकल्पात राज्याच्या ग्रामीण भागांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि बर्नार बेल यांच्या साह्याने त्यांपैकी काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. हा संग्रह पुढे पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे आला व लोकांना ऐकण्यासाठी खुला झाला. विजेवर चालणाऱ्या गिरण्यांमुळे जाते मागे पडल्यानंतर त्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांचा आवाज अशा संग्रहांतच राहिला आहे.

अंकीय फितीच्या काळात जोडणीचा आणखी एक पैलू पुढे आला. १९८७ मध्ये आलेल्या घरगुती अंकीय फीतयंत्रांच्या एसपीडिफ संकेतात पुढे नकलेवर निर्बंध घालणारी खूण घालण्यात येऊ लागली. तिच्यामुळे नकलेची नक्कल काढता येत नसे. व्यावसायिक एईएस ३ जोडणीत हा निर्बंध लागू नव्हता. एकाच संख्या नेणाऱ्या दोन जोडण्यांत असा फरक पडू शकतो, हे संग्रहकर्त्यांना त्या वेळी लक्षात ठेवावे लागले.

खानदेशातील खाजगी घरांतून, भजनी मंडळांतून व लोककलावंतांच्या फडांतून १९७० व १९८० च्या दशकांत चुंबकीय फिती व कॅसेटी यांवर मुद्रण झाले. अहिराणी गीते, कीर्तने, वहीगायन आणि वृद्धांची कथने अशा साधनांवर नोंदली गेली. यांतील जे आवाज योग्य रीतीने संख्यारूपात येतील, ते यापुढे कोणत्याही सुदृढ जोडणीने न झिजता कोठेही नेता येतील. जे येणार नाहीत, त्यांच्यासाठी पुढील पिढीची अधिक चांगली जोडणीही निरुपयोगी ठरेल. जोडणीची निवड पुन्हा करता येते, रूपांतराची संधी बहुधा एकदाच मिळते. त्यामुळे संग्रहकर्त्याने आपला वेळ व द्रव्य प्रथम मूळ फीत, ती वाजविणारे यंत्र आणि माप घेणारे उपकरण यांवर खर्च करणे व त्यानंतरच ऐकण्याच्या जोडणीकडे वळणे इष्ट ठरते.